दोन वीत डावीकडे

सोमवारी सकाळी कामावर गेलो तर आमच्या खोलीला खिडकी नव्हती.

शनिवारी होती. शनिवारी संध्याकाळी मी स्वतः तिची कडी लावून घरी गेलो होतो. ज्या जागी ती होती त्या जागी आता चार माणसं हसत होती. खिडकी झाकेल एवढा फ्लेक्सचा बोर्ड, त्यावर दोन बाया, दोन बाप्ये, सगळ्यांचे दात एका मापाचे, आणि वर टपोऱ्या अक्षरांत लिहिलेलं, 'इथे आनंदी माणसं काम करतात'. मी डबा हातात धरून दारातच थिजलो. ही माणसं कोण, हे मला अजूनही माहीत नाही. इथे काम करत नाहीत एवढं नक्की. इथे आम्ही तिघं काम करतो, आणि तिघांचे दात एकत्र केले तरी बोर्डावरच्या एका बाईइतके भरायचे नाहीत.

आमची कंपनी वजनकाटे बनवते. बनवणारे पांढऱ्या कोटात असतात, विकणारे टाय बांधतात. काटा बाजारात जाऊन वर्षानुवर्षं मार खातो आणि मग परत येतो तो आमच्याकडे, दुरुस्ती विभागात. पिठाच्या गिरणीतून आलेला काटा निम्मा पिठाचा असतो. सिमेंटवाल्याचा उचलायला दोघं लागतात. मिरची कांडणाऱ्याचा आला की त्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोलत नाही, नुसते डोळे पुसतो. काटा उघडायचा, ब्रशने झटकायचा, दांडी सरळ करायची आणि वर 'तपासला, बरोबर आहे' अशी पट्टी चिकटवायची. पट्टीवर सही माझी, कारण विभागप्रमुख मी. झटकलेलं सगळं आजवर खिडकीतून बाहेर जायचं. आता ते जायचं कुठे, तर आक्काच्या छातीत.

आक्का आमच्यातली सगळ्यात जुनी. उघडण्या-झटकण्याचं काम तिचं. तिला दमा आहे आणि दम्याहून मोठा हट्ट आहे. डॉक्टरांनी तिला तोंडावर सांगितलंय, हवा खेळती असेल तर काम करा, नसेल तर घरी बसा. आणि घरी बसणं म्हणजे काय, ते तिनं मला एकदा समजावलं होतं.

"कोपऱ्यात खुर्ची टाकलीय सुनेनं माझ्यासाठी. वर उशीसुद्धा ठेवलीय. भांडं उचलायला गेले की 'आई, राहू द्या'. दिवा लावायला गेले की 'राहू द्या'. अरे, त्या 'राहू द्या'नं मी मरेन. दम्यानं नाही मरायची."

त्या सोमवारी दुपारपर्यंत ती एवढी खोकली की बोर्डावरची माणसं सोडून बाकी सगळ्यांचं हसू गेलं.

आमच्यातला तिसरा म्हणजे फिटर. कुठेही काही खुट्ट झालं की हा जागेवरून उडतो, म्हणून त्याला स्प्रिंग म्हणतात. तो स्क्रूड्रायव्हर घेऊन उठलाच.

"भाऊ, चार स्क्रू आहेत. जेवणाच्या सुट्टीत काढतो, दोन वीत डावीकडे सरकवतो, परत लावतो. कोणाच्या बापाला कळणार नाही."

"खाली बस," मी म्हणालो. "परिपत्रक वाचलं नाहीस? आनंदाच्या साहित्याला कर्मचाऱ्यांनी हात लावायचा नाही. मी रीतसर करून घेतो."

हा 'रीतसर' शब्द माझ्या डोक्यात कोणी घातला त्या इसमाच्या मी शोधात आहे. सापडला तर रीतसर सोडणार नाही.

आता हे आनंदाचं साहित्य काय प्रकरण आहे ते सांगतो. साहेबांनी हल्लीच एक आनंद अधिकारी नेमली होती. पदाचं नाव लांबलचक आहे, आम्ही आनंदबाई म्हणतो. कारखान्यात ती जे काही लावते, ते आनंदाचं साहित्य. पोरगी वाईट नाही. पण माणूस समोरून कितीही ओझं घेऊन येत असला तरी त्याला थांबवून "आज आतून कसं वाटतंय?" असं विचारते. स्प्रिंगच्या पायावर एकदा मणाचं वजन पडलं तेव्हाही तिनं हेच विचारलं होतं, आणि त्यानं जे उत्तर दिलं ते तिनं लिहून घेतलं नाही.

तिच्या येण्यापासून आमच्याकडे महिन्याचा सद्गुण सुरू झाला. महिना लागला की गेटवर पाटी लागते, या महिन्यात अमुक सद्गुण अंगी बाणवावा. नम्रतेचा महिना झाला. त्या महिन्यात साहेबांनी स्वतःच्या गाडीला छप्पर घातलं, त्यासाठी आमच्या सायकली उन्हात काढल्या आणि आम्ही नम्र राहिलो. संयमाचा महिना झाला. त्या महिन्यात संडासाचं दार तुटलं. माझं म्हणणं असं आहे की सद्गुण आधी ठरवतात की अडचण आधी ठरवतात, याची एकदा चौकशी व्हायला पाहिजे.

चालू महिना कृतज्ञतेचा होता. या महिन्यात तक्रार घेणं बंद. फक्त आभार घेतले जात होते.

मी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती कपडे घड्या करत होती.

"म्हणजे तुम्ही विभागप्रमुख आहात," ती म्हणाली, "आणि तुम्हाला खिडकी उघडता येत नाही."

"अगं, खिडकी उघडता येते. बोर्ड हलवता येत नाही."

"मग प्रमुख कशाचे आहात, ते तरी विचारून या."

तिचा आवाज शेजारी जातो. शेजारी एक निवृत्त हेडमास्तर राहतात. त्यांना निवृत्त होऊन जमाना झाला, पण सल्ला द्यायची खोड निवृत्त झाली नाही. ते बनियनवरच आमच्या दारात आले.

"तक्रार बंद आहे ना? मग आभार माना," मास्तर म्हणाले. "मी पंचवीस वर्षं शाळा चालवली ती अशीच. छप्पर गळतं असं कधी लिहिलं नाही. लिहायचं, वर्गात पाणी उपलब्ध करून दिल्याबद्दल आभारी आहोत. वरचे हादरतात."

"मग छप्पर झालं का मास्तर?" बायकोनं विचारलं.

"हादरले खूप," मास्तर म्हणाले आणि पाणी मागितलं.

एवढं ऐकून कोणी शहाणा माणूस गप्प बसला असता. मी दुसऱ्या दिवशी आभार-पेटीत चिठ्ठी टाकली. 'आमच्या खोलीत सुंदर बोर्ड लावल्याबद्दल दुरुस्ती विभाग ऋणी आहे. तो दोन वीत डावीकडे असता तर आम्ही अधिक ऋणी झालो असतो.' माझ्या मते यात सगळं आलं होतं. नम्रता आली, संयम आला, कृतज्ञता तर ओतू जात होती.

दोन दिवसांत आनंदबाई स्वतः आली. तिचे डोळे भरले होते.

"सर, सगळ्या कंपनीतून एकच चिठ्ठी आली. तुमची," ती म्हणाली. "बोर्ड इथेच का लावला, माहितीये? मागून खिडकीचा उजेड येतो, त्यानं चेहरे उजळतात. दुसऱ्या कुठल्याच भिंतीवर ते इतके आनंदी दिसत नाहीत."

"पण मॅडम, मागून हवासुद्धा यायची."

"हवा आपल्या आत असते सर," ती म्हणाली.

आक्का खोकली. आनंदबाईला त्यातून एक कल्पना सुचली. तिनं आम्हा तिघांना गोल उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, "आता दीर्घ श्वास घ्या. खोल. अजून खोल. पोटापर्यंत जाऊ द्या."

त्या दिवशी टेबलावर मिरची कांडणाऱ्याचा काटा उघडा होता.

मी बाईला थांबवायला तोंड उघडलं आणि मलाच ठसका लागला. स्प्रिंग जागेवर उडत होता. आक्कानं मात्र हट्टानं सांगितल्याप्रमाणे पोटापर्यंत श्वास घेतला, आणि मग जे झालं ते मला परत बघायचं नाही. तिचा चेहरा जांभळा झाला, हात टेबल शोधायला लागले, छातीतून शिट्टी वाजायला लागली. आम्ही दोघांनी तिला धरून बाहेर अंगणात नेलं, तिच्या पिशवीतलं औषध तिच्या तोंडाशी धरलं. आनंदबाई मागे मागे येत हलक्या आवाजात म्हणत होती, "येऊ द्या ताई, येऊ द्या. किती दिवसांचं साचलंय ते बाहेर येऊ द्या."

आक्काला बोलता यायला बराच वेळ लागला. बोलता आल्यावर ती पहिलं वाक्य आनंदबाईला बोलली.

"पोरी, साचलेलं पुन्हा कधीतरी. आत्ता बाजूला हो, वारा अडवतीयेस."

आणि दुसरं मला. "या महिन्याअखेरपर्यंत मी थांबते. तुझं रीतसर झालं तर ठीक. नाही झालं तर मी त्या उशीच्या खुर्चीत जाऊन बसते. काय."

शेवटचं 'काय' तिनं असं म्हटलं की मला जेवण गेलं नाही.

आता तराजूचं सांगायला पाहिजे. गेटपाशी साहेबांनी माणसाच्या उंचीचा पितळी तराजू उभा केला होता. कल्पना साहेबांची आणि आनंदबाईची मिळून. वजनकाट्यांची कंपनी आहे तर आनंदही वजन करूनच मोजावा. सुटल्यावर घरी जाताना प्रत्येकानं एक पोलादी गोळी घ्यायची. दिवस आनंदात गेला असेल तर उजव्या पारड्यात, नसेल तर डाव्या. गर्दी ओसरली की खाली गेलेल्या पारड्याचा फोटो काढून मुख्य कार्यालयात जायचा. उजवं पारडं रोज खाली. मुख्य कार्यालयात आमच्या शाखेचं नाव झालं होतं, एवढे सुखी लोक कुठेच नाहीत म्हणून.

स्प्रिंग म्हणाला, "भाऊ, आपण सगळे डाव्यात टाकू. सगळे म्हणजे सगळे. मी कारखान्यात फिरतो, सांगतो. पारडं डावीकडे गेलं की बघतील तरी, काय दुखतंय ते."

ते मला रीतसर वाटलं. गोळी टाकणं हे तर कंपनीनंच सांगितलेलं. स्प्रिंगनं जोडणीवाल्यांना सांगितलं, रंगवाल्यांना सांगितलं, ड्रायव्हरांना सांगितलं. लोकांना आक्काचं ठाऊक होतं, आणि ज्यांना नव्हतं त्यांना सायकली आणि संडासाचं दार ठाऊक होतं. त्या संध्याकाळी मी गेटपाशी उभं राहून डोळ्यांनी पाहिलं, गोळ्या डाव्या पारड्यात पडत होत्या. टण, टण, टण. डावं पारडं भरून सांडायला आलं. उजव्यात आनंदबाईची एक आणि वॉचमनची एक, तीही तो चुकून टाकून बसला.

उजवं पारडं खाली होतं.

मी चक्रावलो. स्प्रिंग पहिल्यांदाच उडी विसरला. आक्का शेजारी येऊन उभी राहिली, तराजूकडे बघितलं आणि म्हणाली, "पासंग आहे."

पासंग म्हणजे मूळचाच झुकता तोल. भाजीवाली पारड्याखाली चिंधी बांधते तो प्रकार. मी वाकून उजव्या पारड्याखाली हात घातला. खाली शिशाचा गोळा डकवला होता, नारळाएवढा. वर पितळी रंगसुद्धा मारला होता.

माणूस म्हणून मला राग यायला हवा होता. खरं सांगतो, राग नंतर आला. आधी जे आलं ते धंद्याचं आलं. आमच्या आवारात, आमच्या नावाचा काटा, आणि त्याला पासंग. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वॉचमन डबा खायला गेला तेव्हा स्प्रिंगनं शिसं तासून काढलं, आक्कानं कडी पुसली, दांडी सरळ केली, मी तोल पाहिला. केसाइतका फरक नव्हता. आनंदाच्या साहित्याला हात लावू नये, हे त्या वेळी आमच्या कोणाच्या डोक्यातही आलं नाही. समोर बिघडलेला काटा होता, तो दुरुस्त केला, बस.

आणि मग मी एक गोष्ट केली. आयुष्यभर जी करत आलो तीच केली. खिशातून पट्टी काढली, 'तपासला, बरोबर आहे', खाली सही ठोकली आणि तराजूच्या खांबावर दिसेल अशी चिकटवली.

आपणच केलेल्या गुन्ह्यावर नाव-पत्त्यासकट सही करून जाणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मीही पाहिला नव्हता. चिकटवताना मला उलट बरं वाटलं होतं.

त्याच दिवशी मुख्य कार्यालयातून मोठ्या बाई येणार होत्या. सगळ्यात सुखी शाखा बघायला. याची आम्हाला कल्पना नव्हती, आम्हाला कल्पना देत नाहीत. संध्याकाळी साहेब त्यांना घेऊन तराजूपाशी उभे. बाजूला आनंदबाई कॅमेरा घेऊन. लोक सुटले. पहिल्या गोळीला डावं पारडं हललं. पाचव्या-सहाव्याला सरकलं. जोडणीवाले आले आणि डावं पारडं धाडकन खाली जाऊन दगडी जोत्यावर आपटलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

साहेबांचा रंग भिंतीसारखा झाला. आनंदबाईच्या तोंडाचा आ झाला तो मिटेना. लोक मात्र रांगेत गोळ्या टाकत राहिले, कारण बस पकडायची होती.

मोठ्या बाई पुढे झाल्या, चष्मा वर केला आणि माझी पट्टी वाचली. मोठ्यानं वाचली. "तपासला, बरोबर आहे. ही सही कोणाची?"

साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा माझं पूर्ण नाव घेतलं.

त्यांच्या खोलीत मला बोलावलं तेव्हा मी मनातल्या मनात टेबल आवरून झालो होतो. बायकोला काय सांगायचं, मास्तरांच्या तोंडाला कुलूप कसं लावायचं, हेही ठरवून झालं होतं. साहेब नुसते घाम पुसत होते. मोठ्या बाई मला आपादमस्तक न्याहाळत होत्या.

"पासंग तुम्ही काढलात?"

"हो," मी म्हणालो. "काटा खोटा होता."

बाई साहेबांकडे वळल्या. साहेब खुर्चीत इंचभर वर सरकले आणि बोलले. मी जन्मात एवढं धडधडीत काही ऐकलं नाही.

"मॅडम, पुढच्या महिन्याचा सद्गुण आहे प्रामाणिकपणा. हा त्याचाच प्रयोग होता. पासंग आम्हीच ठेवला होता, बघावं म्हटलं, बोलतं कोण."

मी उभ्या उभ्या गार झालो. म्हटलं आता बाई याला उभा चिरणार. बाईंनी एकदा तराजूच्या दिशेला पाहिलं, एकदा घड्याळ पाहिलं. त्यांनाही वर जाऊन सुखी शाखाच दाखवायची असणार.

"उत्तम," त्या म्हणाल्या. "यांना पुरस्कार द्या."

असा मी सद्गुणी कर्मचारी झालो. लोक पारडं आपटून जे ओरडले होते ते एका शब्दात गडप. मला वाटलं होतं निदान कोणी विचारेल की डावं पारडं खाली का गेलं. कोणी विचारलं नाही. दुरुस्तीवाला प्रामाणिक निघाला, या आनंदात ते बुडून गेले.

पुरस्कार काय, तर माझा फोटो. आनंदबाईनं फोटोवाला आणला. तो म्हणाला हसा. मी हसलो. तो म्हणाला, हे हसणं नाही, दात दुखतोय. माझ्या दातांबद्दल कंपनीत चर्चा झाली. एक काळा होता तो संगणकावर पांढरा करू असं ठरलं, तेही माझ्यासमोर. शेवटी फोटोवाला म्हणाला, "साहेबांनी तुम्हाला बढती दिलीये असं समजा." मला एवढं हसू आलं की घशातली पडजीभ दिसली. तोच फोटो घेतला.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आणि खिडकी?"

"समारंभ आमच्याच खोलीत आहे," मी म्हणालो. "माझ्या हातात माईक देणार आहेत. सगळ्यांसमोर सरळ सांगतो."

"सरळ," ती म्हणाली. "आभार-बिभार मानू नका."

समारंभाच्या दिवशी आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मोठ्या बाईसुद्धा पुन्हा खास आल्या होत्या. जुना बोर्ड काढला होता, आणि काढून त्या जागी नवा लावला होता. आधीच्यापेक्षा मोठा. वर पडदा. आक्का कोपऱ्यात स्टुलावर, पदर नाकाला लावून. महिनाअखेर होती. तिची पिशवी भरून दारापाशी ठेवलेली मी पाहिली, कात्री, ब्रश, चहाचा कप, सगळं आत. साहेबांनी दोरी ओढली आणि भिंतीवर मी प्रकट झालो. नुसतं मुंडकं, दारापेक्षा उंच, आणि त्यात तोंड एवढं उघडं की एखादं पोर आत बसेल. खाली लिहिलं होतं, 'सद्गुणी माणूस, सुखी माणूस'. मागून खिडकीचा उजेड. माझे दात भट्टीसारखे उजळले होते. टाळ्या पडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग माईक माझ्या हातात आला. मी बोललो.

"हा बोर्ड काढा. याच्यामागे खिडकी आहे. ती उघडा."

आयुष्यात इतकं सरळ मी बायकोशीसुद्धा बोललो नव्हतो.

मग मोठ्या बाईंनी हात छातीशी नेला. "किती खोल," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाच्या बोर्डामागे एक खिडकी असते. ती आपणच उघडायची असते." आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग साहेबांनी. मग सगळ्या खोलीनं. आनंदबाई रडत होती. मी माईकमध्ये ओरडत होतो, "अहो, काचेची खिडकी, कडीची खिडकी," आणि टाळ्या वाढत होत्या. स्प्रिंग जागेवर उडत होता, तेही लोकांना उत्साहच वाटला.

टाळ्या चालू असतानाच आक्का उठली.

तिनं पिशवीतून कात्री काढली. काट्यांची रबरं कापायची, हातभर लांब, तिचीच धार लावलेली. गर्दीनं तिला वाट दिली, फुलं-बिलं द्यायला चालली असेल असं वाटलं असणार. ती बोर्डापाशी गेली, माझ्या खालच्या ओठात टोक खुपसलं आणि कापायला लागली. फ्लेक्स कापताना जो आवाज होतो तो माझ्या स्वतःच्या गालात झाला. तिनं तोंडाच्या कडेकडेनं, शिंप्याच्या सफाईनं, सगळं हसू कापून काढलं, दातांसकट. मग त्या भोकातून खांद्यापर्यंत हात घातला, कडी चाचपली आणि एक धक्का दिला.

खिडकी बाहेरच्या बाजूला उघडते. उघडली.

हवा आत आली. टाळ्या एकेक करून थांबल्या. मोठ्या बाईंच्या पदरावर टेबलावरची मिरचीची पूड बसली होती ती उडाली, त्यांना शिंक आली, आणि शिंक झाल्यावर त्यांनीही नकळत एक लांब श्वास घेतला. आक्का भोकापाशी उभी होती, डोळे मिटून, आणि तिची छाती वाजत नव्हती. सगळ्या खोलीला ते ऐकू आलं, म्हणजे न वाजणं ऐकू आलं.

साहेब पुढे धावले. "हे काय केलंत? हे करायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"यानं," आक्कानं कात्रीचं टोक माझ्याकडे केलं. "आत्ताच तर बोलला. बोर्ड काढा, खिडकी उघडा. बोर्ड मी काढला नाही, परिपत्रक आहे म्हणून. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात. नव्हतं पटलं तर वाजवायच्या नव्हत्या."

साहेबांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी आनंदबाईकडे पाहिलं. आनंदबाईनं, देव तिचं भलं करो, माझ्या मुंडक्याकडे पाहिलं, मग आक्काकडे, आणि हातातला कॅमेरा खाली ठेवला. "मला वाटलं होतं, त्या दिवशी ताई रडतायत," ती हळूच म्हणाली. कोणालाच उद्देशून नाही.

आक्का परत आली. स्टूल उचलून बोर्डाखाली ठेवलं, पिशवीतला कप काढून टेबलावर मांडला, गिरणीवाल्याचा काटा ओढला आणि झटकायला बसली. पाहुणे असतानाच. पीठ उडालं आणि माझ्या तोंडातून बाहेर गेलं.

त्यानंतर कोणी काही केलं नाही. बोर्ड काढावा तर प्रामाणिकपणाचा महिना सुरू झालेला, आणि भोक बुजवावं तर मोठ्या बाईंनी भरल्या सभेत ज्याला खोल म्हटलं ते बुजवायचं कसं, अशी साहेबांची पंचाईत झाली असावी. बायको एकदा डबा द्यायला आली होती. दारातून तिनं तो बोर्ड पाहिला आणि हातातला डबा खाली ठेवून भिंतीला टेकली. हसू आवरल्यावर म्हणाली, "चला. तुमच्या तोंडानं एक तरी काम झालं."

वारा सुटला की भोकाचा वरचा काठ फडफडतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, दुरुस्तीचा प्रमुख काहीतरी बोलतोय. परवा साहेब दारावरून जाताना तो जोरात फडफडला आणि साहेब दचकून थांबले.

"काय म्हणालात?" त्यांनी विचारलं.

मी काही म्हणालो नव्हतो. आक्कानं ब्रश न थांबवता उत्तर दिलं.

"तो म्हणतोय, संडासाचं दार."